मदत हवी आहे: अंगावरून काढलेला साचा मधोमध सुटतोय (तातडीचे)

रानमोडी: दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा साचा मधोमध सुटून हातात दोन तुकडे. मॉडेल परवा येतोय, शेवटचं म्हणून. उपाय सांगा. 'सराव करा' नको.

चिखल्या: कशाचा साचा? कुठला भाग?

रानमोडी: अल्जिनेटचाच हो, पाण्यात कालवली की रबरासारखी होते त्या पावडरीचा, अजून कशाचा? पाठ आणि दोन्ही खांदे.

घडीव: कशाला तो खटाटोप! सरळ पीओपी थापा. मी कॉलेजात स्वतःचा हात असाच काढला होता.

तळटीप: असले सल्ले देऊ नका. प्लास्टर घट्ट होताना तापतं, जाड थरात 60 अंशांच्या आसपास जातं. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेत मुलीने प्लास्टरच्या बादलीत हात घातले, ते आतच अडकले. बहुतेक बोटं गेली.

घडीव: मग अमेरिकन शिल्पकार जॉर्ज सीगल 1961 पासून जिवंत माणसं प्लास्टरमध्ये गुंडाळत होता, तो वेडा?

तळटीप: त्या हाड मोडल्यावर बांधतात त्या पट्ट्या. पातळ थर. बादली वेगळी, पट्टी वेगळी.

चिखल्या: रानमोडी, पावडर कुठली? पाणी गार की कोमट?

रानमोडी: दातांचं माप घेतात ती, मित्राच्या दवाखान्यातली. पाणी कोमट, मॉडेलला गार सोसत नाही. दोन भांडी कालवतो, एकामागून एक. एकटाच आहे.

चिखल्या: इथेच घोळ आहे. दातांचं अल्जिनेट दोन-तीन मिनिटांत घट्ट होतं, कोमट पाण्यात त्याहून लवकर. दुसरं भांडं खांद्यापर्यंत पोचतं तोवर पाठीवरचं रबर झालेलं असतं, आणि घट्ट झालेल्यावर ओलं धरत नाही. अंगासाठीचं, सावकाश घट्ट होणारं आणा. पाणी गारच, मॉडेलला दोन शिव्या घालू द्या. कालवायला एक माणूस, लावायला दुसरा. तरी सांधा आलाच तर त्या कडेवर धुण्याच्या सोड्याचं पाणी कुंचल्याने फिरवा, कातडीला लागू न देता. मग नवा थर धरतो. आणि वरचा थर ओला असतानाच कापूस पिंजून टेकवा, त्याच्या तंतूंत वरून आधाराला लावायच्या प्लास्टरच्या पट्ट्या अडकतात. नाहीतर कवच वेगळं, साचा वेगळा.

निळी_शाई: सिलिकॉन घ्या, कातडीला चालणारं. साचा वर्षानुवर्षं टिकतो. लेटेक्सचे हातमोजे मात्र नकोत, सिलिकॉन चिकटच राहतं.

रानमोडी: मला एकच प्रत काढायचीय.

बोरूबहाद्दर: अवांतर: 1877 मध्ये फ्रेंच शिल्पकार रोदँवर हाच आळ आला होता, की पुतळा घडवला नाही, जिवंत माणसावरून साचा काढला. बिचाऱ्याने पुरावा म्हणून मॉडेलचे फोटो काढून घेतले. तुम्ही तेच राजरोस करताय!

घडीव: साच्यातून काढलेली ती कलाच नव्हे.

चिखल्या: वर पीओपी थापायला कोण सांगत होतं?

सुपारी: प्लास्टर झाकणबंद डब्यात ठेवत जा, पोत्यात ओल धरतं.

तळटीप: मॉडेल उभा असतो की बसलेला?

रानमोडी: उभा. दुसऱ्या वेळी त्याला चक्कर आली, लिहायचं राहिलं.

तळटीप: राहिलं?? गुडघे ताठ ठेवून इतका वेळ उभं राहिलं की येतेच. स्टुलावर उलटा बसवा, पुढे टेकायला काहीतरी द्या. पुन्हा गरगरलं तर साचा गेला खड्ड्यात, आधी काढा.

चिखल्या: आणि साचा निघाला की तासाभरात त्यात प्लास्टर ओता. अल्जिनेट पाणी सोडतं, आकसतं.

रानमोडी: (तीन दिवसांनी) अखंड निघाला! पाठीच्या कण्याचा एकेक मणका मोजता येतो. सोडा लागलाच नाही. फक्त मानेवरच्या केसांना व्हॅसलीन लावायचं विसरलो, ते पट्टीत अडकले. कात्री चालवावी लागली. मॉडेल अजून फोन उचलत नाहीये.