शब्दचर्चा: ओव्हरक्लॉक करणे = ठोका चढवणे? चालेल का?

परवा रात्री अकराला बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) आकडे बदलत बसलो होतो, बाबांनी विचारलं काय चाललंय एवढं, म्हटलं ओव्हरक्लॉक करतोय, तर म्हणाले म्हणजे काय रे, मराठीत सांग. प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं, असं समजावून सांगितलं पण एका शब्दात काही सांगता येईना. माझा प्रोसेसर जुना आहे, आय५ २५००के, २०११ चा, कंपनीने ३.३ गिगाहर्ट्झ ठरवून दिलेला. बेस क्लॉक, म्हणजे पायाचा वेग, १०० मेगाहर्ट्झ आणि त्याला गुणक ३३. हा गुणक मी ४५ केला की झाले साडेचार गिगाहर्ट्झ. नावात तो के आहे म्हणून गुणक उघडा आहे, म्हणजे आपल्याला बदलता येतो, नाहीतर इंटेल तो बंद करून देते. तर या कामाला घरात बोलता येईल असा शब्द हवाय. कोशात शोभणारा नको, तोंडात बसणारा हवा.

---

अतिघटीकरण कसं वाटतं? अति + घटी. नाहीतर अतिस्पंदन.

---

दादा, अतिघटीकरण अर्थानेच चुकतंय. घटी म्हणजे २४ मिनिटं, दिवसाच्या ६० घटी. प्रोसेसरमधलं क्लॉक वेळ सांगतच नाही, ते नुसते ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्यावर आतलं काम एक पाऊल पुढे सरकतं. इंग्रजी क्लॉक शब्दसुद्धा मुळात घंटेवरून आलाय. आपल्याकडे घड्याळ दहाचे ठोके देतं म्हणतातच की. म्हणजे शब्द आयता आहे, ठोका. ४.५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला साडेचार अब्ज ठोके, हे बाबांना लगेच कळेल.

---

मी दामटणे म्हणेन. घोडा दामटतात तसा प्रोसेसर दामटायचा. आमच्या ग्रुपवर सगळे ओसी (ओव्हरक्लॉक) मारलाय का असंच विचारतात पण दामटलाय का जास्त छान वाटतं.

---

मूळ प्रश्न माझाच. दामटणे मला फार आवडला पण थोडा विचार केल्यावर वाटलं तो वेगळ्या कामाचा शब्द आहे. व्हिडिओ रेंडरला लावून प्रोसेसर सहा तास शंभर टक्क्यांवर पळवला तर तोही दामटलाच की, ठोका मात्र तेवढाच असतो. उलट ओव्हरक्लॉक करून ठेवला आणि नुसती गाणी ऐकत बसलो तर दामटला कुठे? म्हणून माझ्या मते ठोका चढवायचा आणि मग प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम लावून रात्रभर दामटायचा, सकाळी विंडोज बंद पडल्याचा निळा स्क्रीन दिसला नाही तर जमलं. दोन कामं, दोन शब्द.

चढवणे कुठून सुचलं सांगतो. मी लहानपणी पाच वर्षं तबला शिकलो. तबला चढवतात म्हणजे गजऱ्यावर (काठावरच्या चामड्याच्या वेणीवर) हातोडीने वरून ठोकत जातात, पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा ताण वाढतो आणि स्वर वर जातो. ताण वाढवल्याशिवाय स्वर चढत नाही, आणि प्रमाणाबाहेर ताणली तर पुडी फाटते. इथे ताणाच्या जागी व्होल्टेज आहे. नुसता गुणक वाढवला तर थोडं वरपर्यंत जातं, मग पीसी लटकायला लागतो, मग व्होल्टेज द्यावं लागतं आणि उष्णता तिथेच वाढते, कारण वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत आणि वर पुन्हा ठोक्याच्या पटीत वाढते. १.२ चं १.३५ व्होल्ट केलं तर सव्वापट, त्यात ३.३ चे ४.५ गिगाहर्ट्झ धरले तर जवळजवळ पावणेदोनपट. चढवणे शब्दात हा ताण आपोआप येतो, वाढवणे म्हटलं की नुसता आकडा राहतो.

---

पण ताई-दादांनो, चढवणे तर अपलोडला वापरतात ना, विकिपीडियावर संचिका चढवा असं लिहिलेलंच आहे. गोंधळ होईल.

---

नाही होणार हो. पारा चढतो, फेटा चढवतात, कोणी घाट चढतं, संदर्भाने कळतं. फाइल चढवली आणि ठोका चढवला यात कर्मच वेगळं आहे. फक्त "प्रोसेसर चढवला" असं म्हणू नका, ते बोर्डावर बसवल्यासारखं वाटतं. ठोका हा शब्द सोबत पाहिजेच.

---

माझी तक्रार शब्दाबद्दल नाही, पण वापर करून बघतो. इंटेलचा १९९८ चा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर, त्याचा गुणक बंद होता, साडेचारवर. लोकांनी बसच, म्हणजे तेव्हाचा बेस क्लॉक, ६६ ची १०० मेगाहर्ट्झ केली, ३०० चा ४५० झाला. ठोका चढवला, बरोबर बसतंय. नंतर एएमडी कंपनीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉन प्रोसेसरवरचे तुटक जोडबिंदू, म्हणजे छोटे पूल, शिसपेन्सिलने जोडून गुणक उघडायचे, त्याला मात्र ठोका चढवणे म्हणता येणार नाही, ते कुलूप उघडणं. तेवढा फरक ठेवा.

आणि अकोल्याचा माणूस म्हणून एक सांगतो, जानेवारीत बसवलेला आकडा मे महिन्यात टिकत नाही. खोलीतच ४० अंश असेल तर हवेवरचा कूलर चिपला त्याच्या खाली नेऊच शकत नाही. (आमच्याकडे कूलर म्हटलं की घरातल्यांना वाळ्याचाच आठवतो, तो पीसीकडे तोंड करून लावू नका, दमट हवा आहे ती.)

---

मूळ प्रश्न परत. अकोलेकर, तुमच्यामुळे दुसरी बाजू पण मिळाली. तबला चढतो तसा उतरतोही. चिप फार तापली की स्वतःच वेग कमी करते त्याला आपण थ्रॉटल म्हणतो, ते झालं "ठोका उतरला". उन्हाळ्यात मी ४५ चा गुणक ४० वर आणतो, ते "ठोका उतरवला". आणि काहीच सुरू होत नसेल तर बोर्डावरचा सेल काढून पाच मिनिटांनी परत घालायचा म्हणजे बायोस मूळ आकड्यांवर येतो, त्याला काय म्हणायचं ते सुचवा.

---

मूळ स्वरावर आणणे.

---

घेतला. बाबांना आत्ताच सांगून आलो, ठोका चढवतोय म्हटलं, त्यांचा पहिला प्रश्न, "किती तापतंय?"