मदत हवी आहे : क्लँगची मॉड्यूल कॅश दोन मशीनमध्ये सुरक्षितपणे वाटून घेता येते का?

नमस्कार,

बाणेरमधल्या आमच्या छोट्या कार्यालयात सी प्लस प्लसचा एक बराच जुना प्रकल्प क्लँग या कंपायलरवर बिल्ड होतो (म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार होतो). त्यासाठी दोन लिनक्स मशीन आहेत. तेच मॉड्यूल दोन्हीकडे पुन्हा कंपाइल होऊ नये म्हणून मी मॉड्यूल कॅशची, म्हणजे एकदा कंपाइल केलेले कोडचे भाग साठवण्याची, डिरेक्टरी एनएफएसवर (नेटवर्कवरून वाटून घेतलेल्या डिस्कवर) ठेवून दोघांनाही तोच मार्ग दिला. कल्पना माझीच होती, हे आधीच कबूल करतो.

गेल्या गुरुवारी दुपारी वीज गेली, यूपीएसने दहा मिनिटांत मान टाकली आणि पहिले मशीन बिल्ड अर्धवट सोडून बंद पडले. त्या संध्याकाळी दुसऱ्या मशीनवरचा बिल्ड तीन-चार मॉड्यूलांपाशी प्रत्येक वेळी दीड मिनिट नुसता थांबून राहिला आणि मग काहीच घडले नसल्यासारखा पुढे सरकला. थांबला असताना कॅशमध्ये डोकावलो, तर पीसीएम फाइलच्या (कंपाइल झालेल्या मॉड्यूलच्या) शेजारी लॉकची, म्हणजे 'इथे काम चालू आहे' असे सांगणारी, चिमुकली फाइल होती आणि तिच्यात एकच ओळ : पहिल्या मशीनचे नाव आणि त्यापुढे ४१३७ हा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक). तोवर पहिले मशीन पुन्हा सुरू झाले होते आणि त्या क्रमांकाची प्रोसेस तिथे नव्हती.

दुसरी अडचण मला जास्त छळते आहे. रात्री दोन वाजता आमची एक स्क्रिप्ट आधी तयार करून ठेवलेल्या पीसीएम फाइली 'सीपी' कमांडने कॅशमध्ये आणून टाकते. त्या सुमारास चालू असलेला बिल्ड महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी 'बस एरर' (मेमरीतली जागा वाचता न आल्याची चूक) देऊन मरतो आणि पुन्हा चालवला की निमूटपणे पूर्ण होतो. स्क्रिप्ट लॉक नाही याची खात्री करूनच कॉपी करते, मग हे का व्हावे?

प्रतिसाद

लॉकवर आपण त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकला आहे. एकच मॉड्यूल दोन प्रोसेसनी एकाच वेळी कंपाइल करण्याचे दुहेरी श्रम वाचावेत, एवढ्यासाठीच क्लँग ते लॉक घेतो. तयार पीसीएम नुसती वाचणारी प्रोसेस लॉक घेतच नाही, त्यामुळे आपल्या स्क्रिप्टला ती दिसत नाही.

लॉक त्याच मशीनवरचे असेल तर तो पीआयडी जिवंत आहे का, हे क्लँगला विचारता येते. मशीनचे नाव वेगळे असेल तर विचारायची सोय नसते, म्हणून तो मालक जिवंतच धरतो, ९० सेकंद वाट पाहतो आणि मग लॉक काढून स्वतः कामाला लागतो. दर वेळी नवे होस्टनेम (मशीनचे नाव) घेणाऱ्या कंटेनरमध्येही (वेगळ्या मशीनसारख्या बंदिस्त वातावरणातही) हीच गंमत होते.

कॅश खरी सुरक्षित राहते ती फाइल बदलण्याच्या पद्धतीमुळे. क्लँग नवी पीसीएम तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहितो आणि मग रिनेम करतो. जुनी फाइल मेमरीत मॅप करून (जणू मेमरीच असावी तशी जोडून) बसलेल्या प्रोसेसकडे जुना आयनोड, म्हणजे नावामागची प्रत्यक्ष फाइल, तसाच राहतो, तिला धक्का लागत नाही. 'सीपी' मात्र असलेलीच फाइल आधी शून्यावर कापते आणि त्याच आयनोडमध्ये लिहू लागते. वाचणाऱ्याच्या पायाखालची मेमरीची पाने नाहीशी झाली की बस एरर ठरलेली. दुर्दैवाने एनएफएसवर रिनेमचीही पूर्ण हमी नाही, कारण दुसऱ्या क्लायंटने फाइल बदलली की सर्व्हरवरचा जुना आयनोड जातो आणि पहिल्याच्या हाती निरुपयोगी हँडल (फाइलकडे नेणारी खूण) उरते.

माझ्या मते कॅश प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर न्यावी आणि ती स्क्रिप्ट काढून टाकावी. सफाईसाठी वेगळे काही लागत नाही : क्लँग मुळातच दर ७ दिवसांनी कॅश तपासतो आणि ३१ दिवस न वापरलेल्या फाइली काढतो. तयार पीसीएम वाटायच्याच असतील तर त्या कॅशबाहेर ठेवून कंपायलरला नावानिशी द्याव्यात, म्हणजे परस्पर बदलाबदलीचा प्रश्नच उद्भवत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. कॅश दोन्हीकडे स्थानिक डिस्कवर हलवली आणि स्क्रिप्ट बंद केली. दुसऱ्या मशीनवरचा पहिला बिल्ड अकरा मिनिटे जास्त चालला, त्यानंतरचे नेहमीच्या वेळेत झाले. बस एरर महिन्यातून एकदाच येत असल्यामुळे दोन रात्रींवरून काही म्हणणे घाईचे होईल. महिनाअखेरीस इथेच कळवतो.