एकाच वर्गात दोन अश्विनी, तर त्या एकमेकींच्या कोण?

पाटीपेन्सिल :

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख लिहिते आहे आणि एका वाक्यापाशी अडले आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्याच नावाची एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिचा उल्लेख एका शब्दात करायचा आहे. वर्गमैत्रीण तर ती होतीच, पण मला नावाचं नातं सांगायचं आहे.

आपल्याकडे ‘नामसाधर्म्य’ आहे. पण ते त्या गोष्टीचं नाव झालं, माणसाचं नाही. ‘आमच्यात नामसाधर्म्य होतं’ असं लिहिता येतं, ‘ती माझी नामसाधर्म्य होती’ असं नाही. ‘समनामी’ सुचला, पण वाचताना ‘समभुज’, ‘समद्विभुज’च्या रांगेतला वाटतो, भूमितीच्या पुस्तकातला. हिंदीतला ‘हमनाम’ छान आहे, पण मराठी वाक्यात उपरा वाटतो. बोलताना आपण सरळ ‘माझ्याच नावाची एक होती’ म्हणतो आणि भागतंही. लेखात मात्र ती पंधरा-वीस वेळा येणार आहे. प्रत्येक वेळी एवढं लांबण नको.

बंगालीत अशा माणसाला ‘मिता’ म्हणतात. रशियनमध्ये ‘त्योझ्का’ आहे, स्पॅनिशमध्ये ‘तोकायो’, फिनिशमध्ये ‘काइमा’. सगळे छोटे, हाक मारता येतील असे शब्द. आपल्या गावोगावच्या बोलींत असा शब्द कुणी ऐकला आहे का?

—

शब्दवेडा :

‘नामसाधर्म्य’ हा शब्द मुळात विचार करून घडवलेला आहे, एवढं नोंदवतो. साधर्म्य म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंत एखादा धर्म समान असणं. काव्यशास्त्रात मम्मटाने उपमेची व्याख्याच ‘साधर्म्यमुपमा भेदे’ अशी केली आहे. वस्तू भिन्न हव्यात आणि त्यांच्यात काहीतरी समान हवं. म्हणजे नामसाधर्म्य म्हणताना ‘बाकी दोघे वेगळे’ हेही आपण सांगत असतो. म्हणूनच मला तो ‘नामसादृश्य’पेक्षा नेमका वाटतो. सादृश्य नुसत्या सारखेपणालाही म्हणतात. ‘सुमित’ आणि ‘सुमीत’मध्ये नामसादृश्य, दोन ‘सुमित’मध्ये नामसाधर्म्य, असा फरक मी माझ्यापुरता पाळतो.

आज हा शब्द जास्त करून वर्तमानपत्रांनी जिवंत ठेवला आहे, तोही निवडणुकीच्या बातम्यांत. २०१४च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २११० मतांनी पराभव केला, आणि सुनील तटकरे याच नावाच्या अपक्ष उमेदवाराला त्याहून कितीतरी जास्त मतं पडली होती. तेव्हापासून ‘नामसाधर्म्याचा फटका’ हा जोडशब्दच होऊन बसला आहे. शाळेतल्या दोन मुलींसाठी तो वापरताना हा वास येतो. तुमचं अडणं रास्त आहे.

—

खडूफळा :

मी शिक्षिका आहे, म्हणून शब्दापेक्षा वर्गात काय होतं ते सांगते. दोन सारख्या नावांची मुलं असली की त्यांचं नातं काय, हे कुणी विचारत नाही. हाक कुणाला मारली, हा पहिला प्रश्न असतो. कॅटलॉगमध्ये पूर्ण नाव असतं, म्हणून हजेरीला घोटाळा होत नाही. वह्या वाटताना, मैदानावर, डब्याच्या सुट्टीत होतो. मग पंधरा दिवसांत वर्ग आपणहून तोड काढतो.

मुलग्यांच्या बाबतीत सहसा आडनाव पुढे येतं: ‘ए शिंदे’, ‘ए कुलकर्णी’. मुलींमध्ये नाव टिकतं आणि आडनाव त्याला चिकटतं. ‘स्वाती कदम’ हा पाच अक्षरांचा एकच शब्द असल्यासारखा उच्चारला जातो, मध्ये श्वाससुद्धा घेत नाहीत. पुढे लग्नानंतर आडनाव बदललं तरी वर्गमैत्रिणी तिला स्वाती कदमच म्हणतात.

सांगली-कोल्हापूरकडच्या वर्गात अर्धे पाटील निघाले की आडनावाचा उपाय संपतो. तिथे वडिलांचं नाव लागतं, नाहीतर वाडी किंवा गल्ली. ‘मळ्यातला संतोष’ आणि ‘स्टँडवरचा संतोष’.

आणि एक प्रकार मी माझ्या वर्गात चालू देत नाही. काळा-गोरा, जाडी-बारीक. एका मुलीला सगळे नुसतं नावाने बोलावतात आणि दुसरीला नावाआधी रंग लावून, हे मी पहिल्याच आठवड्यात थांबवते. मी दोघांना समोर बसवून विचारते, तुम्हाला कशी हाक मारलेली आवडेल? मुलं फार नीट उत्तर देतात. एकाने सांगितलं, ‘याला सचिन म्हणा, मला घरी सच्या म्हणतात, ते चालेल.’ त्या दिवसापासून प्रश्न मिटला.

—

जुनंदप्तर :

खडूफळा बाई, तुमच्या ‘सच्या’वरून व्याकरणातली एक गंमत आठवली.

विशेषनामाचं अनेकवचन होत नाही, झालं तर ते सामान्यनाम समजायचं, असं आपण शाळेत शिकलो. हा नियम पाठ करण्याऐवजी कानाने ऐकायचा असेल तर सारख्या नावांच्या वर्गात जाऊन बसावं. एकटा असतो तेव्हा आपण ‘सचिनला सांग’ म्हणतो, ‘सचिनाला’ नाही. ‘फुलाला’, ‘घराला’ म्हणताना सामान्यरूप होतं, पण आजच्या बोलण्यात माणसाचं नाव बहुधा ते होऊ देत नाही. तेच दोघे झाले की ‘दोन्ही सचिनांना सांग’. लगेच सामान्यरूप झालं, अनुस्वारही आला! ‘दोन्ही घरांना’ जसं, तसंच. नाव एकाचं होतं तोवर ते अभंग राहिलं, दोघांत वाटलं गेलं आणि भाषेने त्याला इतर नामांसारखं वागवलं. ‘सचिनना’ असंही लोक म्हणतात, पण माझ्या कानाला ‘सचिनांना’ स्वाभाविक वाटतं.

मुलींच्या नावांत हे आणखी उघड दिसतं. लिहिताना आपण ‘वर्गात तीन अश्विनी होत्या’ असं सभ्यपणे लिहितो. बोलताना? ‘आमच्या वर्गात तीन अश्विन्या होत्या, दोन स्वात्या आणि एक पल्लवी.’ नदी-नद्या, वही-वह्या, तसं अश्विनी-अश्विन्या. एकटी पल्लवी तेवढी पल्लवी राहिली. ‘सुनीता’, ‘कविता’ या आकारान्त नावांना ही सोय नाही, त्या तीन असल्या तरी ‘तीन सुनीता’च.

आणि ‘किरण’सारखं नाव मुलाचं आणि मुलीचं एकाच वर्गात असेल तर क्रियापदच काम करतं. ‘किरण आला का?’ विचारलं की मुलगी मान वर करत नाही. सांगली-कोल्हापूरच्या जैन घरांत मुलाचं नाव ‘शीतल’ असतं, दहावे तीर्थंकर शीतलनाथ यांच्यावरून. पुण्या-मुंबईची माणसं तिथे पहिल्यांदा गेली की चक्रावतात.

—

वऱ्हाडकर :

‘नामराशी’ हा शब्द कुणी सुचवण्याआधी सांगतो. हिंदीत ‘नामराशि’ म्हणजे आपल्याच नावाचा दुसरा माणूस. मराठीत तो अर्थ लागत नाही. आपल्याकडे नामराशी म्हणजे नावाच्या पहिल्या अक्षरावरून काढलेली रास, आणि ‘नावरस’ म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणारं नाव. अश्विनी नक्षत्राला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. शब्द तोच, अर्थ वेगळा. लेखात तो वापरलात तर वाचक पत्रिका शोधेल.

—

मोडीवाचक :

सारख्या नावांची अडचण शाळेच्या आधी घराघरांत होती आणि तिथे तिच्यावर उपाय ठरलेले होते. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, पण सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग पोराला हाक मारायची कशी? म्हणून तो बाळ, नाना, अप्पा, तात्या व्हायचा आणि जन्मभर तेच राहायचा. पेशव्यांकडे पाहा. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, पण आपण त्यांना नानासाहेब म्हणूनच ओळखतो. सुनेचं नाव सासूच्या किंवा जावेच्या नावाशी जुळलं तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून ते बदलायचं. इथे दोन नावांपैकी कुणाचं राहणार हे आधीच ठरलेलं असे, आणि ते मला कधीच पटलं नाही. त्या मानाने शाळेचा वर्ग बराच न्यायी. तिथे दोघींचीही नावं राहतात.

इतिहासाने वेगळी विशेषणं लावली. पहिले बाजीराव (पेशवेपद १७२० ते १७४०) ते ‘थोरले’, १७९६ ते १८१८चे ते ‘दुसरे’. पहिले माधवराव थोरले, त्यांच्या पुतण्याला ‘सवाई’. ‘थोरला’ म्हटलं की वयाचा आणि मानाचा, दोन्ही अर्थ येतात. ‘दुसरा’ म्हटलं की नुसता क्रमांक. दुसऱ्या बाजीरावांबद्दल लोकांना काय वाटत होतं, ते त्या एका शब्दात आलं आहे. वर्गातही ‘दुसरी अश्विनी’ म्हणू नये असं मला वाटतं, ते याचमुळे. कुणालाच ‘दुसरं’ व्हायला आवडत नाही.

आणि विशेषण लागलंच नाही तर काय होतं, ते नामदेव गाथेत पाहायला मिळतं. नंतरच्या काळातले विष्णुदास नामा यांच्या रचना संत नामदेवांच्या अभंगांत मिसळल्या आहेत. अभ्यासक अजून त्या निवडत बसले आहेत.

—

आजराकर :

तुम्हाला हवा तो शब्द आपल्या तोंडात अर्धा आहे की! ‘आडनावबंधू’ आपण सर्रास वापरतो. ‘हे माझे आडनावबंधू, पण नात्यातले नाहीत,’ अशी ओळख करून देतो. ‘गुरुबंधू’, ‘व्यवसायबंधू’, ‘दूधभाऊ’ याच घडणीचे. मग नावापुरतं नातं असेल तर ‘नामबंधू’ आणि ‘नामभगिनी’. कोशात आहे का, याची वाट कशाला पाहायची? जर्मन लोक ‘नामेन्सफेटर’ म्हणतात, म्हणजे नावाचा चुलतभाऊ. डॅनिशमध्ये ‘नाव्नब्रोर’, नावाचा भाऊ. त्यांनाही भाऊबंदकीच सुचली.

माझ्या मते ‘समनामी’ नुसती माहिती देतो. ‘नामबंधू’ म्हटलं की आपण न निवडलेलं, पण नाकारताही न येणारं नातं कळतं. भावंडं अशीच असतात.

—

शब्दवेडा :

आजराकरांशी सहमत. ‘नामबंधू’ रीतसर तत्सम समास आहे, ‘आडनावबंधू’इतकाही मिश्र नाही. फक्त ‘भगिनी’ मला सभेतला वाटतो, ‘बंधू आणि भगिनींनो’मधला. मुलींसाठी सरळ ‘नावबहीण’ का नको? दूधभाऊ, दूधबहीण, तसं नावभाऊ, नावबहीण. दोन्ही पदं घरातली.

—

पाटीपेन्सिल :

‘नावबहीण’! हाच घेते. आजराकर, शब्दवेडा, मनापासून आभार. खडूफळा बाई, तुमचा मुलांनाच विचारायचा उपाय आमच्या वेळी कुणाला सुचला असता तर बरं झालं असतं. आमच्यातल्या एकीला सहा वर्षं ‘बुटकी’ चिकटलं होतं. तिला ते आवडत नव्हतं, हे मला आत्ता लेखासाठी तिच्याशी बोलताना कळलं. ते लेखात घेणार आहे, तिला विचारूनच.

वाक्य आता असं झालं आहे: ‘माझी नावबहीण गणितात माझ्या पुढे होती आणि निबंधात मी तिच्या. सहामाहीच्या वह्या एकदा अदलाबदल होऊन घरी गेल्या, तेव्हा दोन्ही घरांत एक संध्याकाळ मोठं कौतुक झालं.’

—

जुनंदप्तर :

वाक्य छान. एक शंका मात्र राहते. २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांवर आईचं नावही लावायचा निर्णय घेतला. नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. म्हणजे पुढच्या वर्गांत ‘संतोष, बाळूचा’ऐवजी ‘संतोष, सुमनचा’ अशी ओळख रुळेल का? खडूफळा बाई, तुमच्या शाळेत काही कानावर आलं तर इथे जरूर लिहा.

—

खडूफळा :

हजेरीपटावर आईचं नाव दिसायला लागलं आहे, हाकेत अजून नाही. पण चौथीतल्या दोन आर्यांपैकी एक परवा मला म्हणाली, ‘मी मनीषाची आर्या.’ आई शाळेच्या दारात सोडायला येते, म्हणून सगळ्या वर्गाला मनीषा माहीत आहे.