बाबांचा ईएफ 35 आहे. स्टेम सेलने हृदय पुन्हा तयार होतं म्हणून राहिले, खरं आहे का?

मनीषनगरवाली
नमस्कार मंडळी. बाबा 63 वर्षांचे. दिवाळीच्या चार दिवस आधी रात्री अकराला छातीत जळजळ सुरू झाली. सावजी खाऊन आले होते, म्हणून मीच लिंबू-सोडा दिला. दोन तास त्यात गेले, ते मला अजून खातात. मग धंतोलीतल्या हॉस्पिटलात नेलं, लगेच अँजिओप्लास्टी झाली, एलएडीत (हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या रक्तनळीत) एक स्टेंट. आता सहा आठवडे झाले. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा, 35, पुढची भिंत नीट हलत नाही म्हणाले. रोज सात गोळ्या.
आता मामा एका क्लिनिकची जाहिरात घेऊन आलेत. कमरेच्या हाडातून स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी, काढायच्या, सलाइनमधून द्यायच्या, हृदय "पुन्हा तयार". तीन लाख. आई एफडी मोडायला निघाली. बाबा म्हणतात, स्टेंट टाकला नं, मग आता दुरुस्ती कशाची? मला दोघांनाही उत्तर देता येऊन नाही राहिलं.

फुटाळा_फिरस्ता
ताई, एफडीला हात लावू नका. बाकी कॅथलॅबवाले काका सांगतील, इथेच असतात ते रात्री.

निवृत्त_कॅथलॅबवाला
आलो. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. 26 वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, टेक्निशियन होतो. शिशाच्या एप्रनने कंबर गेली, पण पडद्यावर हृदयाच्या रक्तनळ्या मोजता येणार नाहीत इतक्या पाहिल्या.

बाबांचा प्रश्न मला आवडला. काटोलकडची संत्र्याची बाग डोळ्यासमोर आणा. ड्रिपची नळी चोंदली, ती तुम्ही मोकळी केली. मान टाकलेली झाडं हळूहळू उठतात. वाळलेलं झाड उठत नाही. स्टेंट म्हणजे ती नळी मोकळी करणं. बाग म्हणजे हृदयाचा स्नायू, ती वेगळी.

नळीचं काम माणसाला जमलं. आंद्रेआस ग्रुंट्झिग नावाचा जर्मन डॉक्टर घरच्या स्वयंपाकघरात बसून बलून बनवायचा. 16 सप्टेंबर 1977 ला झुरिकमध्ये त्याने 38 वर्षांच्या माणसाची हृदयाची नळी तसल्या बलूनने उघडली. आमच्याकडे रोजचंच झालं होतं ते: मनगटातून केसाएवढी वायर, त्यावरून बलून, हातातल्या पंपाचा काटा बारावर नेला की पेशंट म्हणायचा, "छाती दाबून राहिली जी." दहा-पंधरा सेकंद. बलून सोडला की डाय (एक्स-रेत नळी दिसावी म्हणून सोडतात ते औषध) सरसर खाली धावायचा. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत एसीत आम्ही स्वेटर घालून. तो डाय धावताना पाहिला की घरी जाऊन जेवण गोड लागायचं.

पण बागेचं काय? 2009 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी भारी युक्ती केली. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढला होता, तो माणसांच्या पेशींच्या डीएनएत जाऊन बसला. त्यावरून त्यांनी हृदयाच्या पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला जेमतेम शंभरात एक पेशी नवी होते, पंच्याहत्तरीत अर्धीही नाही. आणि मोठ्या अटॅकमध्ये शंभर कोटींपर्यंत पेशी जाऊ शकतात. करा हिशेब.

झेब्रा मासा पाहिला असेल तुम्ही, काचेच्या पेटीतला पट्ट्यापट्ट्यांचा. मूळचा आपल्याकडच्याच नद्यांतला. त्याच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत परत येतो, हे 2002 मध्ये दिसलं. 2011 मध्ये उंदराच्या एका दिवसाच्या पिल्लातही तसंच दिसलं, पण सात दिवसांच्या पिल्लात ती ताकद गेलेली. ती बंद का होते, परत कशी चालू करायची, यामागे जगभरचे हृदयतज्ज्ञ लागलेत.

हाडातल्या पेशींची हवा 2001 पासून झाली. त्यातलं मोठं नाव संशोधक पिएरो अँव्हर्सा. 2018 मध्ये हार्वर्डने चौकशीनंतर त्यांच्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध मागे घ्या म्हणून सांगितलं, आकडे-चित्रांत खोटेपणा म्हणून. जाहिराती मात्र कोणी मागे घेतल्या नाहीत.

मनीषनगरवाली
काका, पण मामांच्या ओळखीच्या एकाचा ईएफ त्याच क्लिनिकनंतर 30 वरून 42 झाला म्हणतात. रिपोर्ट आहेत म्हणे.

निवृत्त_कॅथलॅबवाला
असतील. त्या माणसाने त्याच महिन्यांत गोळ्याही घेतल्या असतील नं? अटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता सुन्न पडलेला असतो. रक्त पोहोचलं की तो आठवड्या-महिन्यांनी जागा होतो. म्हणून सहा आठवड्यांचा इको शेवटचा धरत नाहीत, तीन महिन्यांनी परत करतात. सुन्न स्नायू आपल्या वेळेने उठतो, गोळ्या काम करतात, आणि पावती फाडतो क्लिनिकवाला. माझ्या साडभावानेही अडीच लाख घालवले असेच. त्याला आजही बोललो की राग येतो, म्हणून इथे बोलून राहिलो.

मामांना एवढंच विचारायला सांगा: ही ट्रायल (उपचाराची संशोधन-चाचणी) आहे का, आणि नोंदणी क्रमांक काय? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या सूचनांप्रमाणे, रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. तीन लाख मागितले तिथेच उत्तर मिळालं.

त्या लिंबू-सोड्याचं मनातून काढा. निम्मं नागपूर तेच देतं.

फुटाळा_फिरस्ता
निम्मं कशाला, अख्खं.

मनीषनगरवाली
आईला वाचून दाखवलं. एफडी राहिली. अजून एक, बाबांची दाढ काढायची आहे. दातवाले म्हणाले, रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद ठेवा.

निवृत्त_कॅथलॅबवाला
थांबा थांबा! स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करू नका. सहा आठवड्यांत स्टेंटच्या जाळीवर नळीचं आतलं अस्तर पुरतं चढलेलं नसतं. उघड्या तारेवर गुठळी बसली तर अख्खी एलएडी पुन्हा बंद. बरेचदा गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढतात, नाहीतर पुढे ढकलतात. उद्या सकाळीच फोन लावा, आणि काय म्हणाले ते इथे लिहा.