केबलला 'हवा भरणे', 'दाब देणे' की 'दाबीकरण'? आणि त्या पंपाला हातपंप म्हणायचं का?

प्रश्न

जमिनीखालच्या टेलिफोन केबलीत कोरडी हवा दाबाने भरायला जो हाताने मारायचा पंप असतो ना, तो कसा बसवायचा याच्या सूचना मराठीत लिहितेय. अडलेय ती अशी, की हातपंप म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे पाण्याचा हापसाच येतो, प्रेशरला दाब लिहू की दबाव ते ठरत नाहीये, आणि इन्स्टॉल काय नि सेटिंग काय, दोन्हीला मी 'बसवणे'च लिहितेय.

प्रतिसाद

दाबच लिहा ताई. रक्तदाब, हवेचा दाब असंच म्हणतो आपण, दबाव माणसावर येतो नाहीतर सरकारवर. दाबीकरण कागदावर ठीक आहे पण कामावर कोणी म्हणणार नाही. आणि 'केबल दाबणे' तर चुकूनही नको, मातीत दाबली असा अर्थ होतो.

प्रतिसाद

मी 'हवा भरायचा हाताचा पंप' असं लिहीन, एकदा पूर्ण लिहायचं आणि पुढे नुसतं पंप. पण नुसती 'हवा' लिहू नका, दरवेळी 'कोरडी हवा' लिहा, हा शब्द गाळला तर वाचणारा सायकलचा पंप लावून मोकळा होईल. अशा केबलीत आत तारांवर कागद असतो तो ओल धरतो, मग इन्सुलेशन (तारांमधली वीज अडवणारं आवरण) कमकुवत होतं आणि लाइनवर खरखर सुरू, म्हणजे ज्या ओलीपासून केबल वाचवायची तीच आपण हाताने आत घालतो. म्हणून या पंपाला सिलिका जेलची (ओल शोषणाऱ्या दाण्यांची) नळी असते, हवा तिच्यातून वाळून पुढे जाते. दाणे निळे असतात, ओल पिऊन गुलाबी पडतात (रंगाची जात वेगळी असेल तर नारिंगीचे हिरवे होतात), गुलाबी झाले की पंप थांबवायचा, दाणे बदलायचे किंवा तापवून परत वाळवायचे. यासाठी 'दाणे फिरले' हा शब्दप्रयोग वापरा, लगेच कळतं.

बसवणे आणि लावणे यात फरक ठेवाच. पंप पक्का केला, बोल्ट आवळले, ते बसवणे. नळी व्हॉल्वला जोडली ते जोडणे. आणि दाब हवा तेवढ्यावर आणून ठेवला ते 'दाब लावून घेणे'.

प्रतिसाद

दाब लावून घेणे आवडलं, पण त्याच्या पुढचा टप्पा राहिला. पंप मारताना दाबमापकाचा काटा पटकन वर जातो, उदाहरणार्थ दर चौरस सेंटीमीटरला ०.७ किलोवर म्हणजे साधारण १० पीएसआयवर (दर चौरस इंचाला पौंड), आणि हात थांबला की खाली यायला लागतो, नवीन माणसाला वाटतं गळती आहे. तसंच असेल असं नाही, लांब केबलीत हवा तारांच्या फटीफटीतून सरकते, पंपाजवळचा दाब पुढे पसरत असतो. म्हणून 'दाब उतरला' आणि 'दाब बसला' हे वेगळे ठेवा. पसरून स्थिर झाला तर बसला. थांबूनही काटा पडतच राहिला तर उतरला, आणि तेव्हाच सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. मात्र ऊन उतरून केबल थंड झाली तरी काटा थोडा खाली येतो, तेही सूचनेत एका ओळीत टाका.

प्रश्नकर्ती

हे फारच उपयोगी पडलं. मग हे वाक्य चालेल का, "व्हॉल्व उघडून केबलीत हवा सोडावी"?

प्रतिसाद

नको! आपण पाणी सोडतो तेव्हा ते येतं आणि टायरची हवा सोडतो तेव्हा ती जाते. 'केबलीत सोडा' आणि 'केबलची सोडा' यात एका प्रत्ययाचा फरक आहे, खड्ड्यात उतरून घाईत वाचणारा माणूस भरलेली केबल रिकामी करून बसेल. आत घालायची तिथे 'भरा', बाहेर काढायची तिथे 'काढून टाका', आणि 'सोडा' हा शब्द त्या सूचनेत कुठेच ठेवू नका.