पाळीव कुत्र्याला रेबीजची लस दर वर्षीच द्यायला हवी का?

गोरेगावकर

आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीने नुकताच ठराव केला की ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी मागील बारा महिन्यांत दिलेल्या रेबीजच्या लशीचा दाखला दर वर्षी कार्यालयात जमा करावा, अन्यथा त्यांना नोटीस बजावली जाईल. लस द्यावी की न द्यावी, हा माझा प्रश्न नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस असो वा कुत्रा, जवळपास कोणीही वाचत नाही, आणि माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमुळेच होतो. माझा आक्षेप 'बारा महिने' या आकड्याला आहे.

माझी कुत्री लहान चणीची आणि वयस्कर आहे. पिल्लूपणी पहिला डोस, वर्षाने बूस्टर आणि त्यानंतर तीन वर्षांची मुदत छापलेली लस, असे तिचे लसीकरण वेळच्या वेळी झाले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पिल्लूपणी दोन डोस दिलेल्या बीगल कुत्र्यांना अनेक वर्षांनी प्रत्यक्ष रेबीजचा विषाणू टोचून पाहिला, तेव्हा सहा वर्षे सात महिन्यांनंतरही ८० टक्के कुत्रे वाचले. कॅन्ससमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की लशीची मुदत उलटलेल्या कुत्र्यांना बूस्टर दिल्यावर त्यांच्यातील प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) मुदतीतल्या कुत्र्यांइतकीच, काही वेळा त्याहून अधिक वाढतात. म्हणजे तीनशे पासष्टाव्या दिवशी संरक्षण संपते असे मुळीच नाही. शिवाय कुत्र्याचे वजन जितके कमी आणि एकाच भेटीत दिलेल्या लशी जितक्या जास्त, तितकी प्रतिक्रिया येण्याची शक्यता वाढते, असेही आढळले आहे. मग लेबलवर तीन वर्षे लिहिलेली असताना सोसायटीने एक वर्षाचा नियम कशाच्या आधारावर करावा?

चेंबूरचा पशुवैद्य

गोरेगावकर, तुम्ही सांगितलेला अभ्यास मीही वाचला आहे, परंतु त्याचा उरलेला भाग तुम्ही सांगितला नाही. सात वर्षे एक महिन्यानंतर त्यातले निम्मेच कुत्रे वाचले आणि आठ वर्षांनंतर केवळ २० टक्के. प्रत्येक गटातील कुत्र्यांची संख्याही अगदी मोजकी होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, निरोगी, एकाच जातीच्या कुत्र्यांवरचा हा निष्कर्ष आहे. तो मुंबईतल्या प्रत्येक कुत्र्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण इथे कोणाला जंत असतात, कोणाला गोचीडतापाने ग्रासलेले असते, आणि कोणाला पहिला डोस नेमका कोणत्या वयात मिळाला हे मालकालाही ठाऊक नसते. आईकडून आलेली प्रतिपिंडे अंगात असताना फार लवकर दिलेली लस पुरेशी लागू पडेलच असे नाही, आणि एकाच डोसवर थांबलेल्या तरुण कुत्र्यांमध्ये प्रतिपिंडांची पातळी अपेक्षेपेक्षा कमी सापडण्याचे प्रमाण जास्त असते.

दुसरी गोष्ट लेबलची. आपल्याकडे मिळणाऱ्या सर्वच लशींवर तीन वर्षांची मुदत नसते. मी माझ्या पेशंटच्या पुस्तिकेत बाटलीवरचे स्टिकर चिकटवतो, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते आणि शेजारी माझी सही असते. पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक पुस्तिकांत स्टिकरच नसते, फक्त 'एआरव्ही' (अँटी-रेबीज व्हॅक्सिन) एवढे लिहून तारीख टाकलेली असते. अशा पुस्तिकेच्या आधारे तीन वर्षे गृहीत धरायला मी तयार नाही. ही लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. मे महिन्यात दुकानातून दवाखान्यात येताना तिचे काय झाले, हे स्टिकर सांगत नाही.

ज्या देशात रेबीज भटक्या कुत्र्यांमधून सतत फिरत आहे, तिथे वर्षातून एक डोस जास्त गेला तर नुकसान किरकोळ आहे, आणि एक डोस कमी पडला तर ती चूक सुधारण्याची संधी मिळत नाही. म्हणून मी दर वर्षी लस देण्याच्या बाजूने आहे.

मुलुंड पूर्व

आमच्या सोसायटीत असा नियम करताना मी कार्यकारिणीत होतो, म्हणून समितीची बाजू मांडतो. सचिव हा बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ असतो. लशीचा कोणता ब्रँड किती वर्षे चालतो, बूस्टर वेळेवर झाला की नाही, याचा निवाडा त्याने करावा अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. त्याला एकच तारीख पाहायची असते. एखाद्या लहान मुलाला जिन्यात कुत्रा चावला तर त्या कुटुंबाचा पहिला प्रश्न 'लस झाली आहे का?' हाच असतो, आणि त्या क्षणी त्यांना तीन वर्षांच्या प्रतिकारशक्तीचे विवेचन नको असते.

गोरेगावकर

मुलुंडकर, त्या क्षणी त्या कुटुंबाने दाखल्यावर विसंबून राहूच नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुवायची आणि ताबडतोब रुग्णालय गाठून लस सुरू करायची. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते. कुत्रा घरचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे आणि तो धडधाकट राहिला तर डॉक्टर पुढील डोस थांबवू शकतात. यांपैकी एकही पायरी दाखल्याची तारीख पाहून टाळायची नसते. उलट अशा दाखल्याने लोक निर्धास्त होतात, याचीच मला भीती वाटते.

डॉक्टर, तुमचा स्टिकरचा मुद्दा मला पूर्ण पटला. पण मग नियमात तेच लिहावे: स्टिकर आणि मुदत असलेली पुस्तिका दाखवा, मुदत एक वर्षाची असेल तर एक, तीनची असेल तर तीन. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनाही पहिल्या वर्षाचा बूस्टर झाल्यावर लेबलवरची परवानाप्राप्त मुदत पाळावी, असेच सांगते. ज्यांना शंका असेल त्यांनी रक्तातील प्रतिपिंडे तपासावीत. कुत्रा युरोपात न्यायचा असेल तर प्रति मिलिलीटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक ही पातळी ग्राह्य धरतात, मग गोरेगावात ती का चालू नये?

चेंबूरचा पशुवैद्य

कारण ती पातळी कुत्र्याने लशीला प्रतिसाद दिला एवढेच सांगते. पातळी खाली गेलेला कुत्राही आधीची लस लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशींच्या जोरावर वाचू शकतो आणि आज पातळी चांगली असलेला कुत्रा दोन वर्षांनी कुठे असेल हे त्या कागदावर लिहिलेले नसते. तपासणीचा खर्च लशीच्या कितीतरी पट असतो. परदेशी जाणाऱ्या कुत्र्यासाठी ती जरूर करावी, मात्र लशीला पर्याय म्हणून मी कोणालाही सुचवणार नाही. तुमच्या कुत्रीपुरते सांगायचे, तर पुस्तिका तुम्ही म्हणता तशी चोख असेल तर लेबल पाळायला माझी हरकत नाही. लहान चणीच्या वयस्कर कुत्रीला एका दिवशी तीन-तीन लशी टोचू नयेत, हेही मला मान्य आहे. माझा विरोध हा अपवाद सर्वांचा नियम करण्याला आहे.

परळची रहिवासी

इतका वेळ आपण सगळे ज्या कुत्र्यांविषयी बोलत आहात, त्या कुत्र्यांकडे पुस्तिका आहे, मालक आहे आणि पशुवैद्य आहे. त्यांना बारा महिन्यांनी लस मिळाली की छत्तीस, यामुळे मुंबईतल्या रेबीजमध्ये फारसा फरक पडेल असे मला वाटत नाही. एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर विषाणूची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटके कुत्रे होते, म्हणजे हिशेब साडेसहासष्ट हजारांचा होतो. आणि तो एकदा करून भागत नाही. रस्त्यावरचा कुत्रा फार वर्षे जगत नाही, दर पावसाळ्यानंतर नवी पिल्ले दिसू लागतात, त्यामुळे लशीचा परिणाम तीन वर्षे टिकला तरी लस घेतलेला कुत्राच तीन वर्षे टिकत नाही. दर वर्षी मोहीम घ्यावी लागते ती या कारणाने.

मी आमच्या गल्लीतल्या मोहिमेत मदत करते. पहाटे जाळीवाले येतात, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये बाटल्या असतात. जे कुत्रे आमच्या हातचे खातात ते मान पुढे करतात आणि दोन मिनिटांत काम होते. टोचून झाले की डोक्यावर रंगाचा पट्टा ओढतात, म्हणजे तोच कुत्रा पुन्हा पकडला जात नाही. उरलेले मात्र उभ्या टेम्पोंखाली शिरतात आणि गाडी पुढे निघून जाते. नेमके तेच कुत्रे दर वर्षी सुटतात. गोव्यात अशीच घरोघर आणि गल्लोगल्ली मोहीम वर्षानुवर्षे चालवली, तेव्हा कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

मुलुंड पूर्व

ताई, आपल्या कामाविषयी आदर आहे, पण सोसायटीचा अधिकार फाटकाच्या आतच चालतो. बाहेरच्या कुत्र्यांची जबाबदारी महापालिकेची आहे आणि ती आमच्यावर टाकणे मला मान्य नाही.

परळची रहिवासी

जबाबदारी पालिकेचीच आहे, पण टेम्पोखाली शिरणाऱ्या कुत्र्याला ओळखणारा माणूस पालिकेकडे नसतो. तो तुमचा वॉचमन असतो किंवा कोपऱ्यावरचा चहावाला असतो. मोहिमेच्या दिवशी त्याला पहाटे तासभर मोकळा ठेवायला कोणत्याही ठरावाची गरज नाही.

चेंबूरचा पशुवैद्य

त्यात एक भर घालतो. मोहिमेत पिल्ले हाती लागली तर 'अजून तीन महिन्यांची झाली नाहीत' म्हणून सोडून देऊ नका. घरच्या पिल्लासाठी आम्ही तीन महिने थांबतो, कारण ते पुन्हा दवाखान्यात येणार असते. रस्त्यावरचे पिल्लू पुन्हा सापडेल याची खात्री नसते, म्हणून सामूहिक लसीकरणात त्यालाही टोचावे, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पुढच्या फेरीत सापडले तर पुन्हा द्यावे. गोरेगावकर, तुमच्या बाहेरच्या रस्त्यावरची पिल्ले कोणत्या इमारतीखाली असतात हे मला कळवा, मी लस घेऊन येतो.