घरून इंटिरियरची कामं करते, इन्कम टॅक्समध्ये कुठला खर्च दाखवता येतो?

प्रश्न:
नमस्कार, मी नोकरी सोडून स्वतःची इंटिरियर डिझाइनची कामं घेते. २०२४-२५ मध्ये बँकेत साधारण १४ लाख जमा झालेत. घरातल्याच एका खोलीत ऑफिस, नेट आणि फोन घरचा-कामाचा एकच, साइटवर स्कूटरने जाते. डिसेंबरात ८० हजारांचा लॅपटॉप घेतला आणि सुताराला एका दिवशी १८ हजार रोख दिले, त्याची नुसती चिठ्ठी आहे. यातलं काय काय धरता येतं? नव्या टॅक्स रेजीममध्ये (कर मोजायच्या नव्या पद्धतीत) काहीच वजावट नसते असं मैत्रिणीने सांगितल्यापासून झोप उडालीय.

उत्तर १:
ताई, आधी निवांत झोपा. नव्या रेजीममध्ये ८०सी (विमा, पीपीएफसारख्या गुंतवणुकीची सूट) वगैरे जातं, धंद्याचा खर्च जात नाही, तो वजा करूनच नफा निघतो. नेट, फोन, पेट्रोल मात्र कामापुरतंच धरायचं, अख्खं बिल टाकू नका. मी स्कूटरच्या डिकीत छोटी वही ठेवलीय, कुठली साइट, किती किलोमीटर, तिथल्या तिथे लिहून टाकते. पेट्रोलच्या पावत्यांचे फोटो लगेच काढा, दोन-तीन महिन्यांत शाई उडून कोरा कागद हातात राहतो. लॅपटॉप एकदम खर्चात जात नाही, त्यावर घसारा (वस्तू जुनी होते म्हणून दर वर्षी धरायचा किमतीचा भाग) ४० टक्के, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा, म्हणजे तुम्हाला यंदा १६ हजार. सुताराचं अवघड आहे, एकाच माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिलं की खर्च धरत नाहीत, वरचे ८ नाही, पूर्ण १८ हजार जातात. पुढच्या वेळी यूपीआय कराच.

उत्तर २:
वरचं सगळं बरोबर, पण ४४एडीए, म्हणजे ठरावीक व्यावसायिकांना ठोक अंदाजाने नफा दाखवू देणारं कलम, बघितलंत का? इंटिरियर डेकोरेशन त्या यादीत आहे. जमेच्या निम्मा नफा दाखवायचा, म्हणजे ७ लाख, आणि आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म भरायचा, खर्चाचा हिशोब कोणी मागत नाही. मग लॅपटॉप, पेट्रोल वेगळं मागता येत नाही, ते त्या निम्म्यात आलं. खरा खर्च ७ लाखांच्या वर असेल तरच वह्या ठेवून आयटीआर-३ च्या वाटेला जा, कारण निम्म्यापेक्षा कमी नफा दाखवला आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असलं की ऑडिट लागतं.

प्रश्नकर्ती:
आत्ता बसून बेरीज केली, खर्च ओढूनताणून ३ लाख १० हजार होतोय. म्हणजे ४४एडीएच ना? पण एकदा घेतलं की पाच वर्षं अडकतो म्हणे?

उत्तर २:
हो, तेच घ्या. पाच वर्षांची अट ४४एडीला आहे, धंदेवाल्यांच्या, तुमच्या कलमाला नाही, दर वर्षी नव्याने ठरवा. ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आधीच भरायचा कर) मात्र १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरायचा असतो, पुढच्या वर्षी लक्षात ठेवा. आणि एक, ते १४ लाख बँकेत आलेले म्हणताय, क्लायंटनी १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) कापून दिलेत का? तसं असेल तर जमा म्हणून कापायच्या आधीची रक्कम धरायची, निम्मं त्याचं. २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सची सरकारी नोंद) उघडून प्रत्येक क्लायंटचं बिल ताडून बघा आणि मगच रिटर्न भरा.